सफाई पथकाचा हिशेब : बंगळूरची प्रवाळ टाकी आणि अगत्तीची कोळंबी

लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने सागरी शोभिवंत अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या संवर्धनाचे केंद्र उभारले. ‘थॉर हैनानेन्सिस’, ‘अँसिलोकारिस ब्रेव्हिकार्पालिस’ अशा छोट्या, रंगीत कोळंब्यांचे बंदिस्त प्रजनन तेथे साधले आणि पिल्ले वाढवण्याचे काम बेटावरील महिलांना शिकवण्यात आले. ही बातमी वृत्तपत्रांत बहुधा ‘बेटवासी महिलांना रोजगार’ अशा मथळ्याखाली आली. मथळा चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या कोळंब्या शेवटी जातात कोठे, त्या कोण विकत घेतो आणि कशासाठी, हा प्रश्न त्यात सुटून जातो. त्याचे एक उत्तर अगत्तीपासून सहाशेहून अधिक किलोमीटर दूर, समुद्र नसलेल्या बंगळूर शहरात, सदनिकांच्या दिवाणखान्यांत ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत सापडते.

अशा टाकीचा मालक मासे निवडतो त्याच सुमारास त्याला ‘क्लीन-अप क्रू’ म्हणजे सफाई पथक घेण्याचा सल्ला मिळतो. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, उरलेसुरले अन्न टिपणारे संन्यासी खेकडे, कोळंब्या, वाळू उपसणारा तारामासा, जमल्यास एखादी समुद्रकाकडी, अशी ती यादी असते. बहुतेक वेळा ती परदेशी विक्रेत्यांच्या पत्रकांवरून जशीच्या तशी उतरलेली असते आणि तिच्यासोबत एक सूत्रही येते : इतक्या लिटरला इतक्या गोगलगायी. या यादीत दोन दोष आहेत. विज्ञानाच्या दृष्टीने ती अर्धवट आहे आणि भारतीय कायद्याच्या दृष्टीने तिचा काही भाग थेट गुन्ह्याकडे नेणारा आहे. दोन्ही दोषांचे मूळ मात्र एकच आहे : सजीव प्राण्याला गाळणयंत्राचा सुटा भाग समजणे.

द्रव्य जाते कोठे?

प्रथम साधे गणित पाहू. २०० लिटरच्या टाकीत रोज १ ग्रॅम कोरडे खाद्य पडते असे धरले आणि त्यात ४५ टक्के प्रथिने आहेत असे मानले, तर प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असल्यामुळे रोज साधारण ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन टाकीत शिरतो. मासे त्यातील थोडा भाग शरीरात साठवतात. उरलेला मलमूत्र आणि कुजणाऱ्या अन्नावाटे अमोनिया होतो आणि जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. सर्वच नायट्रोजन नायट्रेट झाला, तर रोज सुमारे ३२० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागे १.६ मिलिग्रॅमची भर पडते. आठवड्याला ही भर ११ मिलिग्रॅमवर जाते. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले आणि दुसरी कोणतीही निर्गमवाट नसली, तर पाण्यातील नायट्रेट लिटरमागे ११० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊन स्थिरावेल. प्रवाळ ठेवणारे लोक ते १० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली राखण्याचा प्रयत्न करतात.

आता या समीकरणात वीस गोगलगायी घातल्या तर काय बदलते? जवळजवळ काहीच नाही. गोगलगाय काचेवरचे शेवाळ खाते, त्यातील थोडे शरीरात ठेवते आणि बाकीचे विष्ठा व अमोनियाच्या रूपाने पाण्याला परत करते. शेवाळातला नायट्रोजन पाण्यात आला आणि पाण्यातून पुन्हा शेवाळात गेला. काच स्वच्छ दिसली, हिशेब मात्र जेथल्या तेथे राहिला. द्रव्य टाकीबाहेर नेणाऱ्या वाटा मोजक्याच आहेत : बदललेले पाणी, फेसावाटे सेंद्रिय द्रव्य काढणारे स्किमर यंत्र, हाताने उपटून फेकलेले शेवाळ आणि सच्छिद्र खडकांच्या ऑक्सिजनविरहित गाभ्यात नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे जिवाणू. टाकीतील खरे सफाई पथक हे जिवाणूच होत. ते कोणत्याही पिशवीत विकले जात नाहीत. त्यांना वेळ द्यावा लागतो, आणि तो आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावा लागतो.

गोगलगायीचे काम निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. ती शेवाळाला दाट होऊ देत नाही आणि प्रवाळाला बसायला जागा मोकळी ठेवते. ती चराई करते, उपसा करत नाही. हा फरक ज्याला कळला तो खाद्य कमी करतो. ज्याला कळला नाही तो गोगलगायी वाढवतो.

‘लिटरमागे इतक्या’ हे सूत्रही येथेच कोलमडते. शेवाळाची वाढ पाण्याच्या घनफळावर ठरत नाही. ती प्रकाश पडणाऱ्या पृष्ठभागावर, प्रकाशाच्या तीव्रतेवर आणि पोषकद्रव्यांवर ठरते. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत शेवाळाचा पूर येतो. तो पाहून मालक पन्नास गोगलगायी आणतो. महिन्याभरात शेवाळ संपते आणि पन्नास तोंडे उरतात. त्यांतील बरीच उपाशी मरतात. मेलेली प्रत्येक गोगलगाय आपल्या मांसातील नायट्रोजन पाण्याला परत करते आणि त्यावर पुन्हा शेवाळ उगवते. मग नवी पिशवी विकत आणली जाते. दुकानदाराला हे चक्र फायद्याचे असेल, पण त्याला सफाई म्हणता येत नाही.

समुद्रापासून तीनशे किलोमीटर, नऊशे मीटर उंचीवर

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडेच होता. बंगळूरला समुद्र पुडीतून आणावा लागतो. कृत्रिम क्षार शुद्ध पाण्यात विरघळवून ३५ सहस्रांश क्षारता साधायची. ते शुद्ध पाणी आरओ यंत्रातून येते आणि घरगुती आरओ यंत्र १ लिटर शुद्ध पाण्यामागे बऱ्याचदा २ ते ३ लिटर पाणी वाया घालवते. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून आणि शेकडो मीटर वर चढवून या शहरात येते. मार्च २०२४ च्या टंचाईत शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने गाड्या धुण्यासाठी आणि बागांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घालून ५,००० रुपये दंड ठरवला होता. अशा शहरात ‘पाणी बदलत राहा’ हा सल्ला जपूनच द्यावा लागतो. खाद्य आवरणे आणि प्राणी मोजके ठेवणे हा येथे काटकसरीचाही मार्ग आहे.

उंचीचा परिणाम तर फारसा कोणी मोजतच नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे १० टक्के कमी असतो आणि पाण्यात विरघळू शकणारा ऑक्सिजनही त्याच प्रमाणात घटतो. २६ अंश तापमानाच्या खाऱ्या पाण्यात समुद्रकिनारी लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावत असेल, तर बंगळूरला तो सहाच्या खाली जातो. रात्री दिवे विझले की प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र सर्वांचे चालू राहते. परदेशी पत्रकातील संख्येने भरलेले पथक पहाटे चार वाजता कोणत्या अवस्थेत असेल, याचा अंदाज यावरून यावा.

क्षारतेचेही तसेच आहे. माशाचे शरीर आतील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळे राखू शकते. तारामासा, समुद्री अर्चिन, सागरी गोगलगाय यांना ते फारसे जमत नाही. भोवतालच्या पाण्यात जी क्षारता, तीच त्यांच्या शरीरद्रवात उतरते. पिशवीतील पाणी ३० सहस्रांशाचे आणि टाकीतील ३५ चे असेल, तर त्या फरकाचा परासरण दाब साडेतीन वायुमंडलांच्या घरात जातो. एवढा धक्का काही मिनिटांत देणे आणि तो काही तासांत विभागून देणे, यात प्राण्याच्या जीवनमरणाचे अंतर असते. बाष्पीभवनात पाणी जाते, मीठ मागे राहते. २०० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर पाणी उडाले आणि आठवडाभर गोड्या पाण्याची भर घातली नाही, तर ३५ ची क्षारता साडेसदतीसच्या पुढे जाते. मासा हे कदाचित सोसेल, अर्चिन सोसेलच असे नाही. माशांच्या रोगांवर वापरली जाणारी तांबेयुक्त औषधे तर या साऱ्या पथकाला विषासारखी असतात.

खऱ्या भित्तीवरील सफाई

टाकीत ज्यांना सुटे भाग मानले जाते त्या प्राण्यांची किंमत समुद्राने अनेकदा दाखवून दिली आहे. १९८३ च्या जानेवारीत पनामाजवळ ‘डायाडेमा’ या लांब काट्यांच्या अर्चिनांत मरतूक सुरू झाली आणि वर्षभरात ती कॅरिबियन समुद्रभर पसरली. बहुतेक ठिकाणी नव्वद टक्क्यांहून अधिक अर्चिन नष्ट झाले. जमैकात शेवाळ खाणारे मासे आधीच अतिमासेमारीने संपले होते. तेथे चराई करणारे कोणीच उरले नाही. १९९४ साली टेरी ह्यूज यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथील जिवंत प्रवाळाचे आच्छादन ५० टक्क्यांहून अधिक होते ते ५ टक्क्यांखाली आले आणि शेवाळाने ९० टक्क्यांहून अधिक तळ व्यापला. त्यात वादळांचाही वाटा होता, परंतु वादळानंतर प्रवाळ पुन्हा उभे राहू शकले नाहीत, याचे मोठे कारण चराईचा अभाव हे होते.

समुद्रकाकडीची गोष्ट आणखी अलीकडची आहे. फ्रेंच पॉलिनेशियातील मोओरिया बेटावर संशोधकांनी काही पट्ट्यांतून समुद्रकाकड्या काढल्या आणि शेजारच्या पट्ट्यांत तशाच ठेवल्या. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, काकड्या काढलेल्या भागातील प्रवाळ कित्येक पटींनी अधिक रोगट झाले व मेले. वाळूतील कुजका सेंद्रिय गाळ खाऊन हा मंद प्राणी प्रवाळांना जणू रोगजंतूंपासून दूर ठेवत होता. टाकीत वाळू साफ करण्यासाठी आणलेली प्रत्येक रानटी समुद्रकाकडी कोठल्या तरी भित्तीवरील हे काम सोडून आलेली असते.

आणि भारतात ती आणताच येत नाही. समुद्रकाकडीच्या सर्व जाती, भित्ती बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. महाशिंपल्यांनाही या कायद्याचे संरक्षण आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. तस्करी तरीही थांबली नाही, म्हणून २०२० साली लक्षद्वीप प्रशासनाने चेरियापाणी येथे समुद्रकाकडीसाठी स्वतंत्र राखीव क्षेत्र घोषित केले. असे क्षेत्र जगात प्रथमच झाले. ती तस्करी प्रामुख्याने पूर्व आशियातील खवय्यांसाठी होते हे खरे. पण ‘एक काकडी माझ्या टाकीसाठी’ म्हणणाऱ्या छांदिष्टाला कायद्याने वेगळी खिडकी उघडून दिलेली नाही.

लक्षद्वीपची स्थिती पाहता ती उघडी नसणेच योग्य आहे. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील चोवीस वर्षांच्या निरीक्षणांत १९९८ साली ३७ टक्क्यांच्या आसपास असलेले प्रवाळाचे आच्छादन २० टक्क्यांखाली आल्याचे दिसले. सागरी उष्णतेच्या लाटांनी हे केले. २०२४ च्या एप्रिलमध्ये जागतिक पातळीवरील चौथी विरंजन घटना जाहीर झाली आणि त्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ पुन्हा पांढरे पडले. अशा भित्तीवरून चराई करणारे आणि गाळ उपसणारे प्राणी उचलणे म्हणजे आजाऱ्याच्या उशाचे औषध पळवणे होय.

मग निवड कशी करावी?

निवडीचा पहिला निकष आहार हाच असावा. प्राणी काय खातो आणि तीन महिन्यांनंतरही ते टाकीत असेल का? ‘अ‍ॅस्ट्रोपेक्टेन’ हा वाळूत फिरणारा तारामासा वाळू ‘साफ’ करतो म्हणजे तिच्यातील सूक्ष्म प्राणी खातो. ते संपले की बहुतेक घरगुती टाक्यांत तो हळूहळू उपासमारीने मरतो. नॅसॅरियस गोगलगाय शेवाळाला तोंडही लावत नाही. ती मृत मांस शोधणारी आहे. सफाई कोळंबी म्हणून मिळणारी ‘लिस्माटा अ‍ॅम्बोइनेन्सिस’ माशांच्या अंगावरील परजीवी टिपते, काच पुसत नाही. संन्यासी खेकडा शेवाळ आणि उष्टे दोन्ही खातो, पण नव्या घरासाठी शेजारच्या गोगलगायीला मारून तिचा शंखही बळकावतो. त्याला रिकामे शंख पुरवणे हा ठेवणाऱ्याचा धर्म आहे.

दुसरा निकष अनुकूलतेचा. ‘टर्बो फ्लक्टुओसा’ ही जाड गोगलगाय शेवाळ झपाट्याने खाते, पण ती मेक्सिकोच्या किनाऱ्याची असून तिला उष्णकटिबंधीय टाकीपेक्षा थंड पाणी मानवते. अ‍ॅस्ट्रिया गोगलगाय वाळूवर उलटी पडली तर तिला बहुधा सरळ होता येत नाही, ट्रोकसला येते. मालवण, रत्नागिरीच्या खडकांवरून चार गोगलगायी उचलून आणण्याचा मोह कोकणात जाणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना होतो. त्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील असतात. पाण्याबाहेर चढणे हा त्यांचा स्वभाव, आणि टाकीतूनही त्या बाहेर चढतात. शिवाय मालवण येथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

तिसरा निकष उगमाचा. प्राणी पैदाशीतून आला की भित्तीवरून? हा प्रश्न दुकानात विचारला तर बहुतेकदा उत्तर मिळत नाही, कारण तो विचारलाच जात नाही. अगत्तीच्या बातमीचे महत्त्व येथे आहे. प्रजनन केंद्रातील कोळंबी भित्तीवर हात न घालता मिळते आणि तिचे पैसे बेटावर पोहोचतात. महाराष्ट्रातही कांदळवन प्रतिष्ठानाने ऐरोली येथे याच ब्यूरोच्या साह्याने क्लाउनफिशसारख्या शोभिवंत माशांचे प्रजनन हाती घेतले आहे. पुरवठ्याची बाजू अशी हळूहळू उभी राहत आहे. मागणीची बाजू मात्र अजून त्या परदेशी यादीवरच चालते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पैदाशीतील जाती मोजक्या आहेत, महाग आहेत आणि काही जाती बंदिस्त अवस्थेत वाढवणे अत्यंत कठीण आहे. सफाई कोळंबीच्या अळ्यांना प्रौढ होण्यास महिनोन्‌महिने लागतात. मग छंद सोडूनच द्यावा काय? तसे नाही. घरगुती टाकीने अनेक विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्राचे पहिले धडे दिले आहेत आणि प्रवाळ तुकड्यांतून वाढवण्याच्या तंत्रात छांदिष्टांचा वाटा मोठा आहे. सोडायची आहे ती यादी. दहा जातींच्या पथकाऐवजी तीन जातींचे, पन्नास जिवांऐवजी आठ-दहा जिवांचे पथक ठेवावे आणि उरलेली काच मालकाने हाताने पुसावी.

शासनाकडून अपेक्षित असलेली गोष्टही साधी आहे. कायद्याच्या अनुसूची सामान्य ग्राहकाला वाचून समजत नाहीत आणि व्यापारी नावांशी त्यांचा मेळ बसत नाही. पाळता येणाऱ्या सागरी अपृष्ठवंशीय जातींची एक स्पष्ट यादी प्रादेशिक भाषांत प्रसिद्ध व्हावी. दुकानातील प्रत्येक टाकीवर प्राण्याचे शास्त्रीय नाव आणि ‘पैदाशीतील’ की ‘समुद्रातून पकडलेला’ ही नोंद सक्तीची व्हावी. खाद्यपदार्थावर शाकाहारी-मांसाहारी अशी खूण देशभर लागू शकते, तर हेही अशक्य नाही.

तोवर काम ग्राहकालाच करावे लागेल. बंगळूरमधील एखादा विद्यार्थी पहिली खारी टाकी मांडत असेल, तर त्याने आधी तीन महिने ती केवळ खडक, पाणी आणि जिवाणूंसह चालू द्यावी. नायट्रेटची वही ठेवावी, रोजच्या खाद्याचे वजन लिहावे. मग चार गोगलगायी आणाव्यात आणि पुन्हा वही पाहावी. दुकानात पिशवी हातात घेण्यापूर्वी ‘हा प्राणी कोठून आला?’ एवढे विचारावे. उत्तर आले नाही तर पिशवी परत ठेवावी. अगत्तीच्या कोळंबीला गिऱ्हाईक मिळण्याचा मार्ग या एका प्रश्नातून जातो.